येशूवर विश्वास ठेवल्यावर आईच्या हातातला भानामतीचा गंडा काढून टाकावा का? (जालना)

काढावा, पण तिच्या हातानं. तुम्ही ओढून तोडलात तर भीती तशीच राहील, आणि उद्या गंड्याच्या जागी चर्चमधल्या तेलाची बाटली उशाशी येईल. (आपल्या मराठवाड्यात हेही बघितलंय.) बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये १९:१९ वाचा. इफिसच्या लोकांनी जादूटोण्याची पुस्तकं स्वतःहून आणून जाळली, किंमत भरली ५०,००० चांदीची नाणी! आधी विश्वास, मग जाळणं. आईसोबत रोज योहान ८:३६ (पुत्रानं मुक्त केलं तर तुम्ही खरोखर मुक्त व्हाल) वाचा, प्रार्थना करा. आईच्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र बंद करू नका. आणि भूत काढतो म्हणून कुणी मारहाण केली, साखळीनं बांधलं, तर तो भगत असो की पास्टर, २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा दोघांनाही लागतो. सरळ पोलीस ठाणं गाठा.