वाचकांचे प्रश्न : वडिलांचे कागदी शेअर

प्रश्न : वडिलांच्या कपाटात 1993-94 चे शेअर दाखले सापडले. खरेदी पुणे शेअर बाजारातल्या दलालामार्फत झाली होती. तो बाजार बंद झाला, वडीलही गेल्या वर्षी गेले. शेअर बुडाले का? ते सोडवून द्यायला एक एजंट किमतीच्या वीस टक्के मागतो आहे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : बाजार बंद झाल्याने शेअर बुडत नाहीत. 1982 मध्ये स्थापन झालेल्या पुणे शेअर बाजाराला सेबीने, म्हणजे शेअर बाजारांच्या नियामक संस्थेने, 2015 मध्ये बंद व्हायची परवानगी दिली. पण मालकीची नोंद कंपनीच्या सभासद-वहीत असते. दाखल्याच्या मागे वडिलांचं नाव चढलंय का, ते आधी पाहा. नुसता सही केलेला ट्रान्सफर फॉर्म जोडलेला असेल, तर वहीत अजून विकणाऱ्याचंच नाव आहे. असं कागदी हस्तांतर 1 एप्रिल 2019 पासून बंद आहे. सेबी अधूनमधून त्यासाठी खास मुदत देते. ती चालू आहे का, हे कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे तिच्या शेअरच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेला विचारा.

नाव चढलेलं असेल आणि सोबत आईचंही असेल, तर काम सोपं : मृत्यू दाखला देऊन वडिलांचं नाव कमी करायचं. एकट्याचंच असेल तर वारसा-हस्तांतर. फोलिओ क्रमांक (दाखल्यावरचा सभासदाचा खाते क्रमांक) देऊन रजिस्ट्रारकडून आजची शेअरसंख्या लेखी मागवा. बोनस, विभाजन, विलीनीकरण यांमुळे ती कागदावरच्या आकड्याहून वेगळी असू शकते. मग हे फॉर्म भरायचे : केवायसीचा (ओळख-पत्त्याच्या पडताळणीचा) आयएसआर-1, बँकेने सही साक्षांकित केलेला आयएसआर-2 आणि वारसासाठी आयएसआर-5. नामनिर्देशन नसेल तर इतर वारसांचं ना-हरकत पत्र आणि नुकसानभरपाईचा बाँडही लागतो. शेअर डिमॅटमध्येच (इलेक्ट्रॉनिक खात्यात) मिळतात, म्हणून खातं आधीच उघडा.

अर्ज अडतात ते बहुधा नावावर. शेअर दाखल्यावर 'डी. व्ही.' आणि मृत्यू दाखल्यावर पूर्ण नाव असेल, तर दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. मूळ दाखले पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स ठेवा.

सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल, तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीकडे (दावा न केलेले लाभांश आणि शेअर जिथे जमा होतात) गेले असतील. तेव्हा वारसाची कागदपत्रं कंपनीकडून मंजूर करून हक्काचं पत्र घ्यायचं आणि मगच आयईपीएफ-5 हा परतीचा अर्ज ऑनलाइन भरायचा. या अर्जाला सरकारी शुल्क नाही. एजंटाला वीस टक्के देऊ नका, आणि कोऱ्या फॉर्मवर सही तर मुळीच नको. कंपनी दाद देत नसेल तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर तक्रार करा.