‘पेन्शन’ या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो आला कुठून?

या शब्दाच्या मुळाशी म्हातारपणही नाही आणि निवृत्तीही नाही. तिथे आहे तराजू.

लॅटिनमध्ये ‘पेंडेरे’ म्हणजे टांगणं, तागडीला टांगून तोलणं. रोममध्ये नाणी पडू लागण्याआधी काशाचे ओबडधोबड तुकडे वजनावर देत-घेत. देणं फेडायचं तर धातू तोलून द्यायचा, म्हणून तोलण्याच्या क्रियापदालाच ‘पैसे चुकते करणं’ हा अर्थ चिकटला. त्यावरून ‘पेन्सिओ’, म्हणजे चुकती केलेली रक्कम, हप्ता, भाडं. तिथून तो शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि चौदाव्या शतकात इंग्रजीत आला.

एक्स्पेन्स, स्टायपेंड, कॉम्पेन्सेशन हे याच घरातले. पाउंडसुद्धा, तो आधी वजन होता, मग चलन झाला. सस्पेंड आणि पेंड्युलम यांच्यात टांगण्याचा अर्थ अजून शिल्लक आहे, आणि मराठीने ‘निलंबित’ व ‘लंबक’ म्हणताना ते लोंबणं फार नेमकं पकडलंय. पेन्शनला मात्र आपण ‘निवृत्तिवेतन’ म्हटलं आणि अर्थ आखडला. नवरा वारल्यावर बाईला जे मिळतं ते ‘कुटुंब निवृत्तिवेतन’, पण ती बिचारी कुठून निवृत्त झालेली असते? त्यापेक्षा आपलं जुनं ‘वर्षासन’ मूळ अर्थाच्या जास्त जवळ होतं: ठरलेली रक्कम, ठरल्या मुदतीने.

युरोपात हॉटेलच्या दरपत्रकात ‘हाफ पेन्शन’ दिसतं, तेही त्याच अर्थाने: खोली, नाश्ता आणि एक वेळचं जेवण मिळून ठरलेला आकार.

1818 मध्ये दुसरे बाजीराव शरण आले तेव्हा कंपनीने त्यांना सालिना 8 लाख रुपये लावून दिले. तेही पेन्शनच. 1851 मध्ये ते वारल्यावर नानासाहेबांना ते नाकारलं गेलं, कारण कंपनीच्या लेखी ती एका माणसापुरती दिलेली रक्कम होती. आज तसं म्हणता येत नाही. 17 डिसेंबर 1982 च्या ‘डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पेन्शन ही बक्षिसी नाही, मालकाच्या मर्जीवरची कृपाही नाही. ते केलेल्या सेवेचं देणं आहे.

कागदपत्रांत आणखी दोन-तीन शब्द पेन्शनमध्ये मिसळले जातात. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, ती एकदाच मिळते. भविष्यनिर्वाह निधी ही साठवलेली पुंजी. ‘अंशराशीकरण’ म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी उचलणं. केंद्र सरकारच्या नोकरीत तो 40 टक्क्यांपर्यंत उचलता येतो; दरमहा हाती येणारी रक्कम तेवढी घटते आणि 15 वर्षांनी पूर्ववत होते. महागाईची वाढ मात्र मधल्या काळातही घटलेल्या रकमेवर नव्हे, मूळ पेन्शनवरच मोजतात. बँकेच्या हिशेबात चूक असेल तर ती बहुधा इथेच शोधावी.