जेरेमी कॉर्बिनसारखा कट्टर डावा नेता ब्रिटनमध्ये निवडणूक जिंकू शकतो का? की तिथले लोक मुळातच उजवे आहेत?

मी इंग्लंडात राहतो, पासपोर्ट अजून भारताचाच आहे पण मत इथे देतो (हो, देता येतं, कॉमनवेल्थ देशांचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील तर पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतात, आपल्या कित्येक लोकांना हे माहीतच नसतं आणि नाव नोंदवायचं राहून जातं). तर माझं उत्तर, हो, जिंकू शकतो. लोक उजवे आहेत म्हणून डावा हरतो हे मला पटत नाही. तो हरतो ते एका वेगळ्याच प्रश्नावर, की हा माणूस आपल्या देशाच्या बाजूचा आहे ना? त्या प्रश्नाला नीट उत्तर असलं तर इथले लोक बऱ्यापैकी डावं राजकारण आरामात पचवतात.

आधी आकडे बघा कारण सगळे म्हणतात की कॉर्बिन म्हणजे नुसती धूळधाण. 2015 मध्ये तो मजूर पक्षाचा नेता झाला तोच मुळात गंमत म्हणून, म्हणजे उभं राहायला 35 खासदारांच्या सह्या लागत होत्या आणि त्यातल्या काहींनी "चर्चेत एक डावा आवाज असू दे" म्हणून सही दिली, स्वतः त्याला मत द्यायचा त्यांचा विचारही नव्हता. गडी पक्षांतर्गत मतदानात 59.5 टक्के मतं घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आला. पुढच्या वर्षी त्याच्याच खासदारांनी 172 विरुद्ध 40 असा अविश्वास ठराव केला, तरी पक्षाच्या सदस्यांनी परत त्यालाच निवडलं. आणि मग जून 2017, हुजूर पक्षाच्या (कॉन्झर्व्हेटिव्ह, उजवा) पंतप्रधान थेरेसा मे बाई सर्व्हेमधली वीसेक पॉइंटांची आघाडी बघून मुदतीआधी निवडणूक घेतात, आणि बहुमत गमावून बसतात. मजूर पक्षाला 40 टक्के मतं, 262 जागा.

आता 2024 बघा. कॉर्बिननंतर मजूर पक्षाचा नेता झालेल्या स्टार्मरला 33.7 टक्के मतं आणि 411 जागा! मतं मोजली तर 2017 च्या कॉर्बिनला साधारण 1 कोटी 28 लाख, आणि 2019 च्या त्या प्रसिद्ध पराभवातसुद्धा 1 कोटी 2 लाखांच्या वर, तर स्टार्मरला 97 लाख. म्हणजे हरलेल्याला जास्त मतं आणि जिंकलेल्याला कमी. आपल्यासारखंच इथेही प्रत्येक मतदारसंघात ज्याला जास्त मतं तो निवडून येतो, बाकीच्यांची वाया, त्यामुळे समोरची मतं फुटली की तुमचं काम होतं. 2024 मध्ये नायजेल फराजच्या कडव्या उजव्या रिफॉर्म पक्षाने 14 टक्के मतं खाल्ली आणि हुजूर पक्ष आडवा झाला. 2017 मध्ये कॉर्बिनसमोर उजवी मतं एकगठ्ठा होती. आणि त्याची स्वतःची मतं पडत होती लंडन, ब्रिस्टल, युनिव्हर्सिटीवाली शहरं, जिथे आधीच जिंकत होता तिथे अजून ढीगभर.

धोरणांबद्दल बोलायचं तर इथे पाणीपुरवठा 1989 पासून खाजगी कंपन्यांकडे आहे, नद्यांमध्ये मैला सोडतात, बिलं वाढतात, लंडनला पाणी देणारी थेम्स वॉटर कंपनी कर्जात बुडालीये, आणि पाणी नि रेल्वे सरकारने ताब्यात घ्यावी का असं विचारलं की सर्व्हेमध्ये हुजूर पक्षाचे मतदारसुद्धा मोठ्या संख्येने हो म्हणतात. मे 2025 मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे सरकारकडे आली तेव्हा कुणी क्रांती झाली म्हणून ओरडलं नाही. हेच कॉर्बिन म्हणत होता तेव्हा पेपरवाल्यांना त्यात व्हेनेझुएला (समाजवादात दिवाळं निघालेला देश म्हणून) दिसत होता.

मग 2019 ला काय झालं. ब्रेक्झिट, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडणं, हे मोठं कारण आहेच. 2017 ला पक्षाने सार्वमताचा निकाल मान्य केला होता, 2019 ला परत सार्वमत घेऊ म्हणाले आणि वर कॉर्बिन म्हणतो मी स्वतः तटस्थ राहीन, म्हणजे दोन्हीकडचे लोक नाराज. त्यात जाहीरनामा असा की फुकट ब्रॉडबँडपासून सगळंच, प्रत्येक गोष्ट एकेकटी बरी वाटते पण एकत्र वाचली की माणूस म्हणतो अरे पैसे कुठून आणणार. पण माझ्या ऑफिसात सेजफील्डजवळचा एकजण आहे (सेजफील्ड म्हणजे टोनी ब्लेअरची जागा, 2019 ला तीसुद्धा हुजूर पक्षाकडे गेली), त्याचे वडील खाणकामगार, जन्मभर मजूर पक्षाचे. ते त्या वर्षी मतदानालाच गेले नाहीत. ब्रॉडबँड नाही, खर्च नाही, त्यांचा राग कशावर तर 2018 ला सॉल्सबरीत रशियन माजी हेरावर विषप्रयोग झाला तेव्हा कॉर्बिन पार्लमेंटमध्ये विचारत होता की विषाचा नमुना तपासायला रशियाला पाठवला का. आणि त्याआधी 2015 ला सेंट पॉल्समधल्या युद्धस्मृतीच्या कार्यक्रमात राष्ट्रगीताला तोंड मिटून उभा राहिला तो. आयर्लंडमधल्या सिन फेनशी (आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडलेला पक्ष) जुने संबंध, पक्षातल्या ज्यूद्वेषाच्या तक्रारी हाताळण्यातला गोंधळ, हे सगळं त्यावर चढत गेलं. कोणी म्हणेल पेपरांनी रंगवलं, रंगवलंच, पण रंगवायला भिंत त्यानेच दिली.

1983 चा मजूर पक्षाचा डावा नेता मायकल फूट आठवा. 27.6 टक्के, 209 जागा. तो तर अर्जेंटिनाने घेतलेली फॉकलंड बेटं सोडवायला सैन्य पाठवायच्या बाजूने होता, हिटलरविरुद्ध लिहिण्यात तरुणपण गेलेलं, पण लोकांना आठवतो तो 1981 ला शहिदांच्या स्मारकावर घातलेला कोट, जो मजुरांचं जाकीट आहे म्हणून पेपरांनी महिनोनमहिने खिल्ली उडवली. अर्थात त्या निवडणुकीत मजूर पक्षातून फुटलेल्यांची आणि लिबरलांची आघाडी 25 टक्के मतं घेऊन गेली हे लोक विसरतात. हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंना मिळालेली मतं 1979 पेक्षा थोडी कमीच होती, जागा मात्र 397.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय तो माणूस, क्लेमंट ॲटली, 1945 ला मजूर पक्षाचा पंतप्रधान झालेला. ब्रिटनच्या इतिहासात सगळ्यात डावं सरकार याचं. कोळसा, रेल्वे, बँक ऑफ इंग्लंड सरकारच्या ताब्यात, 1948 ला एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा), 1947 ला आपलं स्वातंत्र्य त्याच्याच काळात. 1945 च्या प्रचारात चर्चिलने रेडिओवर सांगितलं की हे समाजवादी आले तर यांना गेस्टापोसारखं (हिटलरचे गुप्त पोलीस) काहीतरी आणावं लागेल. आरोप कॉर्बिनवर झाले त्यापेक्षा भयंकर. पण चिकटला नाही! कारण समोरचा माणूस मेजर ॲटली, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढलेला, मेसोपोटेमियात जखमी झालेला, आणि नुकताच चर्चिलच्याच युद्धकाळातल्या सरकारात उपपंतप्रधान असलेला. टक्कल, पाईप, चार शब्दांत उत्तर संपवणारा, बँकेत मॅनेजर शोभेल असा. याला देशद्रोही कोण म्हणणार. 393 जागा. आणि हाच ॲटली गुपचूप अणुबॉम्ब बनवायचा निर्णयही घेतो, रशियाशी कडक वागतो. घरात समाजवाद आणि बाहेर फौजफाटा, हे कॉम्बिनेशन इथल्या लोकांना चालतं. माझ्या शांततावादी मित्रांना हे आवडत नाही, मलाही फार आवडतं असं नाही, पण आहे ते असं आहे.

भारतीय मतदारांबद्दल थोडं, कारण कुणीतरी विचारणारच. सप्टेंबर 2019 ला मजूर पक्षाच्या अधिवेशनात काश्मीरमध्ये बाहेरच्यांनी लक्ष घालावं असा ठराव झाला आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जो काही मेसेजेसचा पूर आला की बस. नोव्हेंबरमध्ये पक्षाला पत्र काढून सांगावं लागलं की हा भारत-पाकिस्तानमधला प्रश्न आहे. भारतीय वस्ती मोठी असलेल्या लेस्टर ईस्टमध्ये मजूर पक्षाची 22 हजारांची आघाडी 6 हजारांवर आली. 2024 ला तर तिथे दोन माजी मजूर खासदार पक्षाबाहेरून उभे, मतांच्या चिंध्या, आणि देशभर हुजूर पक्ष बुडत असताना ती जागा त्यांनी जिंकली. सगळं श्रेय काश्मीरला देऊ नका, पण डाव्यांना प्रत्येक परदेशी प्रश्नावर ठराव करायची जी खाज आहे ती महाग पडते.

सध्याची परिस्थिती म्हणाल तर गणित कधी नव्हे इतकं सोपं झालंय. चार-पाच पक्ष धड चालतायत, तीस टक्क्यांच्या आसपास मतांवर सरकार येऊ शकतं, कॉर्बिनने चाळीस आणली होती. पण डाव्यांनी स्वतःचीच वाटणी करून ठेवलीये. कॉर्बिन 2024 ला अपक्ष म्हणून इस्लिंग्टन नॉर्थ सात हजारांनी जिंकला, 2025 ला मजूर पक्ष सोडलेल्या खासदार झारा सुलतानाबरोबर नवा पक्ष काढला आणि सदस्यनोंदणी कुणी सुरू करायची यावरून दोघांचं जाहीर भांडण. तिकडे ग्रीन पक्षाचा डावा नेता झॅक पोलान्स्की टीव्हीवर मस्त बोलतो, तरुण पोरं त्याच्याकडे जातायत.

तो किंवा दुसरा कुणी पुढे आला तर प्रश्न ठरलेलाच आहे, 2017 च्या टीव्ही कार्यक्रमात प्रेक्षकांनी कॉर्बिनला परत परत तेच विचारलं, अण्वस्त्राचं बटण दाबाल का? तो फिरवत राहिला. माझा अंदाज असा की पुढचा डावा पंतप्रधान कधी आलाच तर आंदोलनातून येणार नाही, फौजेतून नाहीतर कुठल्यातरी कंटाळवाण्या महापालिकेतून येईल आणि या प्रश्नाला एका वाक्यात हो म्हणून पुढे पाण्याच्या बिलावर बोलायला लागेल.