सगळे पूल सारखे दिसत नाहीत

प्रश्न : 2006 च्या मे महिन्यात मी आणि आमचे हे सहल कंपनीबरोबर पंधरा दिवस युरोपला गेलो होतो. पॅरिस, ल्युसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. आमचा तो एकमेव परदेश प्रवास. यांनी खास नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी आणि खांद्याला भडंगाची पिशवी, असे सगळीकडे फिरले. गेल्या दिवाळीत ते गेले. आता तीन सीडी भरून फोटो आहेत आणि सगळ्यांत मीच आहे, ते कुठेच नाहीत. कुठला फोटो कुठल्या गावचा तेही आता सांगता येत नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, सगळे पूल आणि सगळी चर्चं सारखीच दिसतात. यापेक्षा चांगले फोटो इंटरनेटवर मिळतात, ठेवतेस कशाला?’ मला टाकवत नाहीत आणि बघवतही नाहीत. सहा फोटो सोबत पाठवले आहेत. काय करू?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, तुमचे सहाही फोटो दोन दिवस टेबलावर मांडून ठेवले होते आणि एकेक करून भिंगाखाली पाहिले. 34 वर्षं स्टुडिओ चालवला, त्यामुळे ती सवय अजून हातात आहे. आधी मुलाच्या म्हणण्याचं बघू.

पहिल्या फोटोत तुम्ही छप्पर असलेल्या लाकडी पुलावर कठड्याला टेकून उभ्या आहात आणि मागे पाण्यात अष्टकोनी दगडी बुरूज आहे. हा ल्युसर्नचा कापेलब्र्युके, 14व्या शतकातला पूल. छपराच्या आतल्या बाजूला त्रिकोणी चित्रं बसवलेली असतात, ती 17व्या शतकातली. 18 ऑगस्ट 1993 च्या रात्री या पुलाला आग लागली. पुलाची टोकं आणि बुरूज वाचला, मधला बहुतेक भाग गेला. चित्रं तर दोन तृतीयांश जळाली. पुढच्या एप्रिलमध्ये पूल पुन्हा उभा करून लोकांसाठी खुला केला. तुमच्या डोक्यावरचे वासे फिकट रंगाचे दिसतात ना, ते त्या नव्या बांधकामातले.

मी स्वतः जून 1992 मध्ये त्या पुलावर उभा होतो. 36 फोटोंचा रोल, एकेक फ्रेम मोजून वापरायची. पाण्यातल्या हंसांवर मी 9 फ्रेम घातल्या, पलीकडच्या डोंगरावर 6 आणि डोक्यावरच्या चित्रांवर फक्त 2. वर अंधार होता आणि फ्लॅश लावायचा मी कंटाळा केला. पुन्हा येऊ तेव्हा बघू, असं वाटलं. 14 महिन्यांत ती चित्रं राख झाली. हे मला आजही लागतं. त्यानंतर दुकानात जो कोणी जुने फोटो टाकायला निघाला, त्याला मी हा रोल काढून दाखवत आलो.

तिसरा फोटो बोटीतून काढलेला आहे. पॅरिसचं नोत्र दाम चर्च, मागच्या बाजूने. छपराच्या मध्यावर तो टोकदार मनोरा बघा. 15 एप्रिल 2019 ला तो जळत खाली कोसळला, साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिला. चर्च डिसेंबर 2024 मध्ये परत उघडलं, मनोराही पूर्वीच्याच नमुन्याने बांधला. पण आज तिथे जाऊन कोणीही फोटो काढला तरी तो नव्या मनोऱ्याचा असेल. जुना तुमच्या घरात आहे. मुलाला हे जरूर सांगा.

त्याच फोटोत मनोऱ्याच्या पायथ्याशी हिरवट ठिपके दिसतात. ते तांब्याचे पुतळे आहेत, एकूण 16. दुरुस्तीसाठी आगीच्या अवघे चार दिवस आधी खाली उतरवले म्हणून वाचले. 19व्या शतकात तो मनोरा बांधणारा वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक याने त्यातल्या संत थॉमसला स्वतःचा चेहरा दिला होता. बाकीचे पुतळे शहराकडे तोंड करून उभे असत आणि हा एकटा मान वर करून मनोऱ्याकडे बघत असे. काम करणाऱ्याने आपल्या कामात स्वतःला ठेवलं, हे मला फार आवडतं. तुमच्या यजमानांच्या बाबतीत तसं झालं नाही असं तुम्हाला वाटतं, त्याकडे येतोच.

दुसरा आणि पाचवा फोटो व्हेनिसचा, गोंडोला दिसतोच आहे. चौथा फ्लॉरेन्सचा. मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्यामागे मोकळं आकाश आहे, म्हणजे ही चौकातली प्रतिकृती, 1910 साली बसवलेली. मूळ पुतळा 1873 मध्येच तिथून हलवून अकादमी संग्रहालयाच्या छताखाली नेला. फोटोच्या मागे तसं लिहून ठेवा.

आता सहावा. सहा फोटोंपैकी यावरच कोपऱ्यात तारीख-वेळ छापून आली आहे : 23 मे 2006, 22:05. रात्रीचे दहा वाजून गेलेत आणि दगडांवर पिवळं ऊन पडलंय! तुमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ सांगलीचंच राहिलं होतं, ताई. उन्हाळ्यात तिकडची वेळ आपल्या साडेतीन तास मागे असते. म्हणजे तेव्हा संध्याकाळचे 6:35 झाले होते. सगळ्या फाइलींना हाच हिशेब लावा. कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोची तारीख आणि वेळ दिसते. सहलीचा छापील कार्यक्रम घरात असेल तर तो शेजारी ठेवा, म्हणजे गावं आपोआप लागत जातील.

जागा रोममधली, सेंट पीटर्स चर्चसमोरचा चौक. तुमच्यामागे उंच दगडी स्तंभ आणि त्यामागे सरळ जाणारा रस्ता. साडीखाली पांढरे बूट घालून तुम्ही हसत उभ्या आहात. आता नजर खाली न्या. उतरतं ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर आहे, त्यामुळे त्याची लांब सावली फरसबंदीवरून थेट तुमच्या बुटांपर्यंत आली आहे. टोपीची कड, कॅमेऱ्यासाठी उचललेली दोन्ही कोपरं आणि कमरेपाशी लोंबणारी पिशवी. मी भिंग फिरवून फिरवून बघितलं. पिशवी चांगली फुगलेली आहे. भडंग तेव्हा संपलेलं नव्हतं.

तेव्हा एक विनंती. फोटो मोठे करायला द्याल तेव्हा लॅबमधल्या मुलाला आधीच बजावून ठेवा. खालची सावली खराब दिसते म्हणून ते लोक न विचारता पुसून टाकतात. एकाही फोटोची कड कापू देऊ नका. तीनही सीडी याच आठवड्यात उतरवून घ्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. घरी लिहिलेल्या सीडीचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो आणि एकदा फाइल उघडेनाशी झाली की हातात फार काही राहत नाही. मग सगळे फोटो सावकाश बघा. दुकानांच्या काचा, बसच्या खिडक्या, आरसे, जमीन. तुम्ही स्वतःला बघू नका, आजूबाजूला बघा. सहलीतल्या ज्या मंडळींचे नंबर वहीत असतील त्यांनाही फोन करा. त्यांच्या अल्बममध्ये मागच्या बाजूला हातात कॅमेरा धरलेले तुमचे यजमान असणारच.

निवडक फोटो छापून घ्या, पण चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नका. त्या डिंकाने फोटो पिवळे पडतात आणि पुढे सुटतही नाहीत. मागे लिहायला मऊ पेन्सिल घ्या, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

सहाही फोटो स्पीड पोस्टाने परत पाठवतो आहे. सहाव्याच्या मागे मी पेन्सिलीने ‘रोम, 23 मे 2006, सायंकाळी 6:35’ एवढंच लिहिलं आहे. त्याखाली दोन नावांपुरती जागा सोडली आहे, ती तुम्ही लिहा.