एक किलो स्ट्रॉबेरी म्हणजे किती कप?

प्रश्न: ताई, महाबळेश्वरहून एक किलो स्ट्रॉबेरी आणलीये आणि जॅम करायचाय, पण रेसिपीत 4 कप स्ट्रॉबेरी आणि 2 कप साखर एवढंच लिहिलंय. किलोचे कप किती होतात? की सरळ वाटीला वाटी साखर घेऊ?
- एक वाचक, ठाणे

उत्तर: अगं, किलोचे सात कप पण होतात आणि सव्वाचार पण, फळ कपात कसं भरतेस त्यावर आहे सगळं. अख्ख्या स्ट्रॉबेरी भरल्या की मधे हवाच जास्त राहते म्हणून 240 मिलीच्या कपात जेमतेम 145 ग्रॅम बसतात, काप केले तर 165 च्या आसपास, आणि मिक्सरमधून काढून गर केलास की एकदम 230. साखर मात्र कशीही भर, कपाला 200 ग्रॅमच्या आसपासच. आता तुझी रेसिपी बघ, 4 कप अख्खी फळं धरली तर साधारण 580 ग्रॅमला 400 ग्रॅम साखर, आणि गर धरला तर 920 ग्रॅमला तेवढीच 400! म्हणजे रेसिपी एकच पण जॅम दोन वेगळे, आणि दुसरा पातळ राहणार, बुरशी पण लवकर धरणार. रेसिपी लिहिणाऱ्यांनी अख्खी की चिरलेली एवढं तरी लिहावंच, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

वाटीला वाटी नको गं. चिरलेल्या फळाला तसं केलंस तर किलोला 1200 ग्रॅम साखर जाते, फळाची चवच मरते.

तू असं कर, देठं काढून मग वजन कर आणि किलोला 600 ते 700 ग्रॅम साखर घे, म्हणजे तीन ते साडेतीन कप. एका लिंबाचा रस नक्की घाल, स्ट्रॉबेरीत पेक्टिन (फळातला जॅम घट्ट करणारा घटक) कमी असतं आणि आंबटपणाशिवाय जॅम नीट धरत नाही. थर्मामीटर असेल तर 104-105 डिग्रीला गॅस बंद, नसेल तर फ्रीजमधल्या गार बशीत थेंब टाकून बोटाने सरकव, सुरकुती पडली की झालं.

प्रश्न: आंब्याच्या गराचा 850 ग्रॅमचा डबा आहे आणि बर्फीला 2 कप गर हवाय, पुरेल का?
- एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: आरामात पुरेल. गरात हवेच्या फटी नसतात, त्यामुळे तो पाण्यापेक्षा किंचितच जड, 240 मिलीचा कप म्हणजे साधारण 250 ग्रॅम, डब्यात साडेतीन कपांच्या जरा आतबाहेर निघेल. फक्त डब्यावर साखर घातलेली आहे का ते आधी वाचा, बऱ्याच डब्यांत असते, मग बर्फीतली साखर आधी निम्मीच घाला आणि चाखून वाढवा. उरलेला गर डब्यात तसाच ठेवू नका, कपाकपाच्या पिशव्या करून फ्रीझरला टाका.