वाचकांचे प्रश्न : राहतं घर पाहुण्यांना द्यावं का?

प्रश्न : आमचं लोकमान्य नगरात दोन मजली घर आहे, आता बायपासकडे फ्लॅट घेतलाय, त्याचा हप्ता महिना 34 हजार. खालचा मजला एका फॅमिलीला 18 हजारांत द्यायचं चाललं होतं पण मिस्टर म्हणतात की रोजाने दिला तर 2,500 रात्रीचे, म्हणजे 75 हजार महिन्याचे, महाकालला लोक येतातच आणि 2028 ला उज्जैनला सिंहस्थ आहे. सासूबाई वरच्या मजल्यावरून हलायला तयार नाहीत, पुतण्या त्यांच्यासोबत राहील. काय करावं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, 75 हजारांचा आकडा आधी डोक्यातून काढा, तीसच्या तीस रात्री कुणाच्याच भरत नाहीत. समजा महिन्याला 12 रात्री गेल्या, झाले 30 हजार. ज्या बुकिंग पोर्टलवर घर टाकाल त्याचं कमिशन 15 टक्के धरा, गेले साडेचार. आठ वेळा पाहुणे बदलले तर चादरी धुणं, बाथरूम घासणं, बाईचे पैसे मिळून 500 प्रत्येकी, गेले चार हजार. एसीचं बिल, वायफाय, गॅस, दुरुस्ती याचे साडेपाच. हातात राहिले 16 हजार, म्हणजे भाडेकरूपेक्षा कमीच आणि डोकेदुखी वेगळी. हेच 18 रात्री गेल्या तर 25 हजारांच्या आसपास पडतील. म्हणून शनिवार-रविवार, श्रावण, महाशिवरात्र मोजू नका, मंगळवार-बुधवारी कोण येणार ते मोजा.

आणि महाकालचं म्हणाल तर ज्याला पहाटे चारची भस्म आरती करायचीय तो उज्जैनलाच राहतो, 55 किलोमीटरवर इंदुरात कशाला थांबेल? तुमच्याकडे येतील ते लग्नाला आलेले, पेशंटचे नातेवाईक, परीक्षेला आलेली मुलं, किंवा उज्जैन-ओंकारेश्वर दोन्ही करून सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जेवायला मुक्काम टाकणारे. त्यांच्या हिशोबाने घर लावा. सिंहस्थ दोनेक महिन्यांचा, त्याच्या भरवशावर वीस वर्षांचा हप्ता बांधू नये.

आता सासूबाई. खरं सांगू, त्या हलत नाहीयेत हीच तुमची जमेची बाजू आहे. केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत मालकाने कुटुंबासह तिथेच राहावं लागतं, खोल्या सहापर्यंतच. कुलूप लावून चावी पेटीत ठेवलेलं घर त्यात बसत नाही. घर त्यांच्या नावावर असेल तर अर्ज त्यांच्याच नावाने करा, राज्याच्या टुरिझम बोर्डाचीही होमस्टेची नोंदणी आहे, तिथे जाऊन विचारा. पण रात्री अकराला गेट उघडायचं काम त्यांच्यावर टाकू नका हो, ते पुतण्याचं. जिना वेगळा नसेल तर माझं मत सरळ आहे, भाडेकरू ठेवा.

कचऱ्याचंही बोलते, कारण शेजाऱ्यांशी वाकडं इथूनच येतं. आपल्याकडे ओला-सुका धरून सहा प्रकार वेगळे करायची सवय लागलीये, बाहेरचा पाहुणा मात्र पोह्याचा द्रोण, डायपर, बाटल्या सगळं एका पिशवीत कोंबून निघून जातो आणि सकाळी गाडीवाला ती पिशवी तुमच्याच दारात परत ठेवतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, त्यात सहा जण आंघोळीला, म्हणजे टाकी मोठी करावी लागेल, तो खर्च आधीच धरा.

कागदोपत्री : प्रत्येकाचं ओळखपत्र घ्या, परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावाच लागतो. घराचा विमा राहण्यासाठी म्हणून काढलेला असतो, कंपनीला कळवलं नाही तर नुकसानीच्या वेळी क्लेम अडकतो. त्या घरावर कर्ज असेल तर बँकेलाही लेखी विचारा. टॅक्समध्ये फरक असा की साध्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, पण रोजाने देऊन साफसफाई-नाश्ता पुरवलात तर ते धंद्याचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं, मग ती वजावट नाही, प्रत्यक्ष खर्चाची बिलं दाखवावी लागतात. म्हणून लाँड्रीची चिठ्ठीसुद्धा फेकू नका. जीएसटीची नोंदणी 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा लागत नाही, पोर्टलवरून आलेल्या बुकिंगचा कर पोर्टलच भरतं.

ती 18 हजारवाली फॅमिली चांगली असेल तर अकरा महिन्यांचा करार करून टाका, हप्त्याला आधार होईल. रोजाने द्यायचंच असेल तर पुढच्या वर्षी, आधी एकच खोली, सासूबाईंना विचारून.