झालेलं पुसायचं नाही

प्रिय पोरा,

तुझ्या ॲनिमेशन सिनेमाच्या गोष्टीचे दोन्ही ड्राफ्ट वाचले. पहिला एका बैठकीत वाचून संपवला, दुसरा मात्र अडखळत वाचला. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंयस, "सर, यातला कुठला पाठवू?" आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंयस की हल्ली झोप लागत नाही. आपल्याला जमेल का, लोकांना आवडेल का, हे विचारलं नाहीस ते बरं केलंस. तुला चित्र येतं, गोष्ट येते. अडलायस ती जागा वेगळी आहे, तिथंच बोलतो.

पहिल्या ड्राफ्टमध्ये सहा वर्षांची पोरगी आजोबांची सोलापुरी चादर गळ्याभोवती बांधते. चादर फडफडली की ती उडते आणि उलटी करून बांधली की आजोबांच्या लहानपणात जाऊन पडते. आजोबा वारलेत. ती त्यांना सहा वर्षांचे बघते, मागाखाली त्यांच्याशी लपाछपी खेळते, मागात अडकलेला त्यांचा सदरा चादरीच्या जोरावर सोडवते आणि परत येते. घरी आजोबा नाहीतच. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये ती आजोबांच्या आजारपणात जाते, औषध वेळेत पोचवते, आणि परत येते तर आजोबा खुर्चीत बसून हसताहेत. हा शेवट तुझा नाही. स्टुडिओतल्या माणसानं सांगितला म्हणून तू लिहिलास. लहान मुलं रडत बाहेर पडली तर आईबाप दुसऱ्यांदा तिकीट काढत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

पहिला पाठव. झालेलं पुसायचं नाही.

आता कारण ऐक. तुझा सिनेमा चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातल्या एखाद्याच्या घरात गेल्या वर्षी कुणीतरी गेलेलं असणार. ते मूल तुझा दुसरा शेवट बघून टाळ्या वाजवेल, घरी जाईल आणि कपाटातली चादर काढून उलटी बांधेल. आपल्या सोलापुरात चादर नाही असं घर कुठलं? मग ते डोळे मिटून उभं राहील. आजोबा येणार नाहीत. या वयाच्या मुलाला आपल्या मनातल्या गोष्टीनं जग हलतं असं खरोखर वाटत असतं. त्यामुळे ते तुझ्यावर रागावणार नाही, ते म्हणेल की मीच नीट बांधली नाही. आणि औषध वेळेत पोचलं म्हणून आजोबा वाचले, असं दाखवलंस की त्याचा दुसरा अर्थ आपोआप निघतो: आधी कुणीतरी उशीर केला होता. कुणी? आईनं? बाबांनी? घटकाभराच्या गमतीपायी एवढं ओझं त्या पोराच्या डोक्यावर ठेवायचं का?

तू म्हणशील, सुपरहिरोनं हे कधीच केलंय. १९७८च्या 'सुपरमॅन'मध्ये तो पृथ्वीभोवती उडून काळ मागे नेतो आणि मेलेल्या लोइसला, त्याच्या प्रेयसीला, परत मिळवतो. मीही तो सिनेमा बघितलाय. पण त्याच सिनेमात आधी त्याचे वडील, ज्यांनी त्याला वाढवलं, ते हृदयविकारानं जातात. एवढी ताकद अंगात असून त्याला बापाला वाचवता येत नाही. अख्ख्या सिनेमात मला तो पोरगा माणूस वाटतो तो त्याच ठिकाणी. शेवटी पृथ्वी उलटी फिरली की त्या दुःखाची किंमत कमी होते. लोइससाठी काळ फिरवता येतो, मग बापासाठी का नाही फिरवला? मोठी माणसं हा प्रश्न सोडून देतात. सहा वर्षांचं मूल सोडत नाही.

तुझ्या घरातून दुसरा मुद्दा येईल तोही मला माहीत आहे. नारळी पौर्णिमेला तुमच्या पूर्व भागात मार्कंडेयाचा रथ निघतो. त्या पोराचं आयुष्य सोळाच वर्षांचं ठरलेलं होतं, तरी शंकरानं त्याला यमाच्या हातून सोडवलंच ना? सोडवलं. पण नीट बघ, कधी सोडवलं ते. यम समोर उभा असताना, पोरानं पिंडीला मिठी मारलेली असताना. त्याच घटकेला. मरून गेल्यावर कुणी मागे जाऊन हिशोब बदलला नाही. सावित्रीही यमाच्या मागोमाग चालत, त्याच वाटेवर बोलत राहिली. आपल्या गोष्टीत देवाशी भांडता येतं, अडून बसता येतं, पण कालचा दिवस कुणी खोडत नाही.

आणि काळाच्या प्रवासाची गोष्ट तर आपल्याकडे आहेच. ककुद्मी राजा मुलीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकात जातो. तिथं गाणं चाललेलं असतं म्हणून जरा थांबतो, आणि तेवढ्यात इकडे सत्तावीस चतुर्युगं उलटतात. मनात योजलेली स्थळं, त्यांची मुलं, नातवंडं, कुणीच उरलेलं नसतं. ब्रह्मदेव त्याला मागे पाठवत नाही. आता जे आहे त्यात बलराम आहे, त्याला मुलगी दे, म्हणतो. रेवती जुन्या युगातली म्हणून फार उंच, तेव्हा बलराम नांगराच्या टोकानं तिला जरा ठेंगणी करतो. हा प्रसंग कुणी ॲनिमेशनमध्ये नीट केलेला मी तरी बघितला नाही. हे तुझ्या पुढच्या कामासाठी.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात ग्राफ भरायचे, हे तुला बोललो होतो. बारीक चौकटींचा कागद, आणि एकेक चौकट लाल किंवा कोरी. त्या ग्राफवरून कार्डांना भोकं पाडायची. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. भोक असेल तिथं उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवून माळ करायची आणि ती मागावरच्या जॅकार्डवर, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, चढवायची. एकदा चुकीचं भोक पडलेलं एक कार्ड कुणीतरी मधूनच काढून टाकलं. एकच कार्ड. पण चादरीवरच्या प्रत्येक मोराची मान त्याच ठिकाणी तुटलेली आली, पहिल्या चादरीपासून शेवटच्या चादरीपर्यंत. वडिलांनी ती चादर जमिनीवर पसरून मला बोटानं दाखवली, काही बोलले नाहीत. गोष्टीतला काळही तसाच असतो. तू आजोबांच्या मरणाचं कार्ड काढतोयस, आणि पोरीच्या हातातली ती चादरच त्यामुळे फुटणार आहे. आजोबा गेले नसते तर चादर तिच्याकडे आलीच नसती. चादर नसती तर ती उडाली नसती. तुझ्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये हे भोक मोकळंच राहिलंय.

दुसऱ्या ड्राफ्टच्या शेवटच्या पानावर तू 'भाग २'ची कल्पना लिहिलीयस. ती वाचून मला राग आला, स्पष्ट सांगतो. पोरगी येरवड्याच्या तुरुंगात जाऊन सोलापूरच्या चार हुतात्म्यांना सोडवते! मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१. ही तारीख तू शाळेपासून ऐकत आलायस. पुतळ्यांच्या चौकातून तू रोज जातोस. ती माणसं फासावर गेली, ते पुसायला आपण कोण? सहा वर्षांच्या मुलांना फाशी दाखवायची नसतेच, ते मान्य. मग १९३०च्या मे महिन्यात ने तिला. गावात मार्शल लॉ लागलाय, दारं बंद आहेत, गांधी टोपी घालणंसुद्धा धोक्याचं झालंय. तिच्याच वयाचा एक पोरगा बापाची टोपी चादरीच्या घडीत लपवतोय, त्याला तिनं मदत करावी. एवढं पुरे. मदत करता येते, सोबत करता येते, बघता येतं. झालेलं पुसता येत नाही. हा एक नियम पाळ, मग हवे तेवढे भाग कर.

नियम एकच असू दे आणि तो डोळ्यांना दिसू दे. 'काळाची तीन दारं', 'समांतर विश्व', हे सगळं दुसऱ्या ड्राफ्टमध्ये कुठून आलं मला माहीत आहे. काढून टाक. पियाजे या मानसशास्त्रज्ञानं मुलांना काळाबद्दल प्रश्न विचारले होते, तेव्हा लहान मुलं उंच तो वयानं मोठा असं धरून चालत होती. उंच झाड ते जुनं, बुटकं ते नवं. तुझ्यासाठी ही सोन्यासारखी माहिती आहे. दारातला कडुनिंब आज घरापेक्षा उंच दाखव, मागे गेल्यावर तोच कडुनिंब पोरीच्या कमरेएवढा. आजोबा तिच्यापेक्षा बोटभर बुटकेच असू देत. पडद्यावर १९५८ लिहून काही उपयोग नाही, तुझ्या बहुतेक प्रेक्षकांना अजून नीट वाचता येत नाही. आवाजानं काम कर. मागे गेली की गिरणीचा भोंगा आणि मागाची खटखट, पुढे आली की रिक्षा आणि मोबाईल. आणि चादरीची खुबी तर तुझ्या हातातच आहे. आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. सुलट बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. मोर तोच. ती मागे गेली की अख्ख्या घराचे रंग तसे पालट. शब्द न बोलता मुलाला कळेल की जागा तीच आहे, माणसंही तीच आहेत. पहिल्या ड्राफ्टमध्ये तू हे अर्धवट केलंयस. पुरं कर, त्यात कंजुषी नको.

मागे फिरणं गंमत म्हणून हवं तेवढं दाखव. सांडलेलं ताक उलटं पेल्यात जातंय, फुटलेला फुगा पुन्हा फुगतोय. मुलं हसतात, आणि ही हातचलाखी आहे हेही त्यांना कळतं. फाळक्यांनी १९१२च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलापुढे कॅमेरा लावून साधारण महिनाभर थोडी थोडी फ्रेम घेतली होती. पडद्यावर तो महिना मिनिटभरात उगवून वर आला. ती पट्टी उलटी फिरवली तर वेल पुन्हा बीमध्ये जाईल, आणि मुलं लोळून हसतील. तेवढं चालेल. उलट फिरणं हा दुःखावरचा उपाय म्हणून मात्र द्यायचा नाही.

हे सगळं तुला सांगायचा मला हक्क काय, असं तुझ्या मनात येईल. आलं तरी चालेल. फार वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी एक छोटी फिल्म केली होती, एका मुलाची आणि त्याच्या मेलेल्या कुत्र्याची. एका वाहिनीला ती आवडली, फक्त शेवटी कुत्रा परत यायला हवा होता. मी नाही म्हणालो. फिल्म लागली नाही. माझ्याबरोबरच्या दोघांनी रात्र रात्र जागून चित्रं काढली होती. त्यातला एक आता फ्लेक्स करतो, दुसऱ्यानं हे क्षेत्रच सोडलं. त्यांची मेहनत कपाटात पडली याचं मला आजही वाईट वाटतं. फ्लेक्सवर वाढदिवसाचे फोटो चिकटवणारे त्याचे हात काय ताकदीचे होते ते मी बघितलंय. तरी नकाराबद्दल विचारशील तर मी आजही तेच म्हणेन. कुणी म्हणतं हा हट्टीपणा आहे. असू दे. तो कुत्रा उठून बसला असता तर आम्ही काढलेली सगळी चित्रं एका थापेसाठी काढली गेली असती. ती फिल्म नंतर मी बालवाडीतल्या मुलांना लॅपटॉपवर दाखवली. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं संपल्यावर विचारलं, "मग त्याचा पट्टा कुठं ठेवला?" ती रडली नाही. पट्टा खिळ्याला टांगलाय हे मी तिला परत दाखवलं आणि तिचं समाधान झालं. मुलांना उरलेलं काय ते बघायचं असतं. मोठ्या माणसांनी पळवाट काढून दिली की त्यांच्यापासून तेवढंच लपतं.

म्हणून तुझ्या शेवटाला आजोबा नकोत, पण पोरगी रिकाम्या हातीही नको. मागाखाली लपताना सहा वर्षांच्या आजोबांनी तिला जी शीळ शिकवली, ती तिनं घरी येऊन अव्वाला, म्हणजे आजीला, वाजवून दाखवावी. अव्वाला ती ओळखू येते. तुझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये शीळ आहे, पण चौथ्या पानानंतर तू ती विसरून गेलास. शेवट तिथंच पडलाय, उचल.

आता कामाचं. स्टुडिओला आजच लिही की पहिला ड्राफ्ट पाठवतोय, दुसरा रद्द समजा. भांडू नकोस, कारणं दोन ओळींत दे. ते नाही म्हणाले तर नव्वद मिनिटांचं स्वप्न बाजूला ठेव आणि अकरा मिनिटांचं कर. सेकंदाला चोवीस फ्रेम, एकेक चित्र दोन फ्रेम ठेवलंस तर बारा चित्रं, म्हणजे अकरा मिनिटांना ७,९२० चित्रं. एकट्याला जड आहे. कट-आउटवर, म्हणजे कापलेले तुकडे हलवून, केलंस तर पुष्कळ कमी होतील, आणि चादरीचा पोत तर स्कॅन करूनच घ्यायचा. पोरीच्या तोंडी 'काय बे' आहे ते तसंच ठेव. स्टुडिओनं 'प्रमाण मराठी' मागितली असली तरी सोलापूरची पोरगी घरात तेलुगू, गल्लीत उर्दू, दुकानात कानडी आणि शाळेत मराठी बोलते. ती एका भाषेत कोंबू नकोस. अव्वाचा आवाज तुझ्या अव्वाकडूनच घे. फोनवर नको, दुपारी माग बंद असताना खोलीत गोधड्या टांगून रेकॉर्ड कर, नाहीतर मागाची खटखट आत येईल.

ॲनिमॅटिक, म्हणजे कच्च्या चित्रांची फिल्म, तयार झालं की आधी मला नको, बालवाडीत दाखव. मुलं कुठं चुळबुळतात ते कागदावर टिपून आण. रविवारी सकाळी मी घरीच आहे.

तुझा
सर